गावकी, ग्रामसभा आणि वाळीत पडलेले घर

कोकणातल्या बहुतेक गावांत दोन सभा भरतात. एक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, नेमून दिलेल्या तारखांना. तिची नोटीस फलकावर लागते, इतिवृत्ताच्या वहीत सह्या होतात आणि गणपूर्ती झाली नाही म्हणून ती पुष्कळदा तहकूबही होते. दुसरी ग्रामदेवतेच्या सभामंडपात, शिमग्याच्या किंवा गणपतीच्या सुमारास, चाकरमानी गावात असताना. तिची नोटीस कुठे लागत नाही, पण घरटी एक माणूस हजर असतो आणि जो आला नाही त्याला पुढे कारण सांगावे लागते. पहिली ग्रामसभा, दुसरी गावकी.

गावात सत्ता कोणाची, हा राज्यशास्त्राच्या पहिल्या धड्यातला प्रश्न आहे आणि कोकणात त्याचे पुरे उत्तर पंचायतीच्या दप्तरात सापडत नाही. गावकीकडे आपण आजवर रूढी म्हणून, परंपरा म्हणून, फार तर गावाचा एकोपा म्हणून पाहत आलो. माझे म्हणणे असे की गावकी हे एक शासन आहे. ती कर बसवते, न्यायनिवाडा करते, शिक्षा देते, आणि हे सारे करताना कोणालाही जाब देत नाही. हे उघडपणे मान्य केल्याशिवाय सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा कागदावरच राहील, आणि त्याच्याबरोबर ग्रामसभाही.

गावकीचे रूप सगळीकडे सारखे नाही. सिंधुदुर्गात बारापाच मानकरी (म्हणजे देवळात वंशपरंपरेने मान असलेली घराणी), गावकार, गुरव, देवाला लावायचा कौल आणि घालायचे गाऱ्हाणे यांभोवती ती उभी असते. आचऱ्यासारख्या गावात रामेश्वराचा कौल झाला की गावपळणीसाठी अख्खे गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहते आणि त्यासाठी एकाही सरकारी हुकमाची गरज पडत नाही. रत्नागिरीत शिमग्याची पालखी कोणत्या वाडीत आधी जाणार, सहाणेवर, म्हणजे पालखी विसावते त्या चौथऱ्यावर, मान कोणाचा, पहिला खांदा कोणाचा, यांवरून तिची उतरंड वाचता येते. रायगडच्या आगरी गावांत पंच असतात, कोळीवाड्यांत पाटील असतो, आणि किनाऱ्यावरच्या मुसलमान मोहल्ल्यांत जमात बरेचसे हेच काम करते. या व्यवस्थेला नुसते मागासलेपण म्हणून झटकून टाकणारा माणूस कोकणात फार दिवस राहिलेला नसावा. मयत झाले की लाकडे तोडण्यापासून सरण रचण्यापर्यंत सगळे न सांगता पार पडते ते गावकीमुळे. पाखाडी, म्हणजे वाडीतली दगडी पायवाट, दुरुस्त होते, विहिरीचा गाळ निघतो, वणवा आला की माणसे धावतात, तेही तिच्याचमुळे. ज्या किनाऱ्यावरची कर्ती माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला राहिली, तिथे मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना आणि बायकांना या व्यवस्थेचा आधार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही तिला शासन म्हणायचे ते का? मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१९ साली म्युनिकमधल्या व्याख्यानात राज्यसंस्थेची व्याख्या अशी केली की, विशिष्ट भूभागात अधिमान्य बळाच्या वापराची मक्तेदारी जो मानवी समुदाय यशस्वीपणे आपल्याकडे ठेवतो, तो म्हणजे राज्य. याच वेबरने अधिसत्तेचे तीन प्रकार सांगितले: रूढीतून येणारी, एखाद्या व्यक्तीच्या असामान्य प्रभावातून येणारी आणि कायदा व नियम यांतून येणारी. पाठ्यपुस्तके हे प्रकार एका शिडीसारखे मांडतात, जणू समाज रूढीच्या पायरीवरून कायद्याच्या पायरीवर चढतो आणि मागची पायरी रिकामी होते. कोकणातल्या गावात दोन्ही पायऱ्यांवर एकच माणसे एकाच वेळी उभी असतात. पंचायतीत सदस्य म्हणून बसणारा गृहस्थ संध्याकाळी देवळात मानकरी म्हणून बसतो, आणि सकाळी मंजूर झालेला ठराव संध्याकाळच्या बैठकीत पसंत पडला नाही तर तो अमलात येत नाही.

गावकीकडे पोलीस नाहीत, कोठडी नाही, लाठी नाही. मग तिचे बळ कोणते? इथे मानववंशशास्त्रातली एक प्राथमिक कल्पना उपयोगी पडते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी समाजातल्या दंडव्यवस्थेचे दोन भाग केले होते, एक विखुरलेला आणि दुसरा संघटित. कोणी वावगे वागले की शेजारी नाक मुरडतात, पाठीमागे बोलतात, हा विखुरलेला दंड. तो जगात सगळीकडे आहे आणि त्यावर कायदा करता येत नाही, करूही नये. संघटित दंड वेगळा. तो बैठकीत ठरतो, त्याची मुदत आणि रक्कम ठरते, तो कोणी अमलात आणायचा ते ठरते, आणि मुख्य म्हणजे तो न पाळणाऱ्यालाही दंड होतो. वाळीत टाकणे हे या दुसऱ्या जातीचे आहे. 'लोकच त्यांच्याशी बोलत नाहीत, त्याला आम्ही काय करणार' असे पंच पोलिसांपुढे सांगतात, तेव्हा ते संघटित दंडाला विखुरलेल्या दंडाचा वेष चढवीत असतात, आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला हा फरक ठाऊक नसेल तर तो वेष टिकतो.

वाळीत पडलेल्या घरातला मुलगा दळण घेऊन गिरणीवर जातो. गिरणीवाला सांगतो की वीज नाही, आणि पट्ट्याचा आवाज मात्र मुलगा वळणापर्यंत पोचेतो ऐकू येत राहतो. गिरणीवाला दुष्ट नसतो. दळून दिले तर त्याला गावकीत दंड भरावा लागेल आणि उद्या त्याच्या मुलीच्या हळदीला कोणी येणार नाही, एवढे त्याला कळते. लावणीच्या दिवसांत सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायला, माणूस मिळत नाही. होडी असेल तर खलाशी चढत नाहीत. शिमग्यात पालखी शेजाऱ्याच्या खळ्यात नाचते, वाजंत्री वाजतात, नारळ फुटतात आणि ती या घराचे दार टाळून पुढे जाते. घरातली म्हातारी ओटी भरायचे ताट हातात घेऊन उभी असते. मयत झाले तर खांदेकरी परतालुक्यातून आणावे लागतात. शेवटी एक दिवस घरचा कर्ता देवासमोर नारळ ठेवतो, ठरेल तो दंड भरतो, चूक कबूल करतो, आणि गावात पुन्हा घेतला जातो. कसली चूक? कधी जमिनीच्या वादात कोर्टात गेला, कधी पोरीने जातीबाहेर लग्न केले, कधी पंचायतीच्या निवडणुकीत गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला, कधी देवळाच्या जमाखर्चाचा हिशेब मागितला.

या शेवटच्या दोन कारणांकडे नीट पाहावे. निवडणूक लढवणे आणि हिशेब मागणे ही कोणत्याही व्याख्येने राजकीय कृत्ये आहेत. ज्या व्यवस्थेत त्यांना शिक्षा होते, तिला 'फक्त धार्मिक' किंवा 'फक्त सामाजिक' म्हणता येणार नाही.

बहिष्कार ही शिक्षा आहे आणि ती देण्याचा हक्क समूहाला नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी मांडले होते. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले तेही याच भूमीत. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते, आणि क्षुल्लक निमित्तावरून अस्पृश्यांच्या वाटा बंद केल्या जातात, वाणी त्यांना जिन्नस देत नाही, हे त्या समितीने नोंदवले होते. पुढे १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह ज्या संरक्षणांची मागणी केली, तिच्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याचे कलम होते आणि त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना पुढे ठेवला होता. महाराष्ट्राने सर्वांसाठी लागू असा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम केला तो २०१६ साली, आणि तो अमलात आला जुलै २०१७ मध्ये. मधल्या काळात १९४९ चा मुंबई राज्याचा समाजबहिष्कृतीविरोधी कायदा होऊन गेला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो बहुमताने रद्द केला, कारण बहिष्कृत करण्याचा अधिकार हा धार्मिक समूहाच्या स्वतःचा कारभार पाहण्याच्या हक्कात मोडतो असे न्यायमूर्तींना वाटले. समूहाचे स्वातंत्र्य आणि समूहातल्या एकट्या माणसाचे स्वातंत्र्य यांत निवड करायची वेळ आली की आपल्या संस्था पुष्कळदा समूहाकडे झुकतात, हे त्यातून दिसते.

गावकीच्या बाजूने केला जाणारा सर्वांत बळकट युक्तिवाद देवाधर्माचा नाही, पाण्याचा आहे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात खाडीचे खारे पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून मैलोगणती बांध घातलेले आहेत. पूर्वी त्यांची देखभाल शेतकरी स्वतः एकत्र येऊन करीत. या व्यवस्थेला जोळ म्हणत. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की ज्याची ज्याची शेती त्या बांधामागे आहे त्या प्रत्येक घराने माणूस द्यायचा, मग रात्र असो की लग्नघर असो. जो येणार नाही त्याला गाव जाब विचारी, कारण एकाच्या आळसाने सगळ्यांचे शेत खारे होते. पुढे खारभूमीचे स्वतंत्र खाते आले, बांध सरकारी झाले, जोळ मोडली, आणि बऱ्याच ठिकाणी ना सरकारने बांध राखला ना गावाने. पिकत्या शेतांत खारफुटी उभी राहिली. तेव्हा गावकी मोडा म्हणणाऱ्याने या बांधांकडे बोट दाखवणाऱ्याला उत्तर दिले पाहिजे.

उत्तर आहे, आणि ते २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कामात सापडते. सामाईक पाणी, कुरणे, मासेमारी यांची व्यवस्था सरकार किंवा खासगी मालक नसतानाही लोक शेकडो वर्षे नीट चालवू शकतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले. अशा टिकलेल्या व्यवस्थांत शिक्षा असतेच, पण ती चुकीच्या प्रमाणात हळूहळू चढत जाते. आणि ज्यांना नियम लागू होतो त्या बहुतेकांना तो बदलण्यात वाटा असतो. जोळ या कसोटीला बरीचशी उतरते. आजची गावकी उतरत नाही. हिशेब मागणाऱ्याला थेट वाळीत टाकणे यात कसली चढती शिक्षा आहे? आणि नियम ज्यांना लागू होतात त्या बायकांना बैठकीत जागाच नाही. बांधासाठी माणूस मागणे हे सामाईक कामासाठी होते. मुलीने कोणाशी लग्न करावे यात कोणाचे शेत खारे होत नाही.

बहिष्कार हे दुबळ्यांचेही शस्त्र आहे, असा आणखी एक आक्षेप येतो, आणि त्यासाठी चरीचा दाखला दिला जातो. अलिबाग तालुक्यातल्या चरी व आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसायला नकार दिला, उपास काढले, पण नांगर धरला नाही. हा दाखला इथे गैरलागू आहे. आपले श्रम दुसऱ्याला न देणे हा ज्याच्या त्याच्या हक्काचा भाग आहे. शेजाऱ्याने तिसऱ्याला काय द्यावे यावर बंदी घालणे हा कोणाच्याच हक्काचा भाग नाही. शिवाय चरीत दुबळे प्रबळांविरुद्ध उभे होते, गावकीत बहुतेक वेळा सगळे गाव एका घराविरुद्ध उभे असते.

मोजणीचा प्रश्न मला याहून मूलभूत वाटतो. गावकीत एकक असते चूल. वर्गणी चुलीमागे, माणूस चुलीमागे, मत, जर ते विचारलेच तर, चुलीमागे. आणि चुलीच्या वतीने बोलतो तो पुरुष, जरी ती चूल पेटवणारी आणि सांभाळणारी बाई असली तरी. नवरा मुंबईला आणि सासरा अंथरुणाला अशा घरातली सून वर्गणी भरते, पण सभामंडपात बसत नाही. ग्रामसभेत एकक असते मतदार, म्हणजे अठरा वर्षांवरचे एक माणूस. ७३व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, ग्रामसभेला घटनेत स्थान दिले ते मतदारयादीतल्या व्यक्तींची सभा म्हणून. वरवर पाहता हा तपशील वाटेल. पण चुलीपासून माणसापर्यंतचा हाच प्रवास आधुनिक राजकारणाचा गाभा आहे, आणि महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असूनही कोकणातल्या अनेक गावांत तो अर्ध्यावर थांबलेला आहे. राखीव जागेवर निवडून आलेली सरपंचबाई गावच्या खऱ्या बैठकीत बसू शकत नाही, ही विसंगती आपण इतकी वर्षे पाहत आलो आहोत की ती आता दिसेनाशी झाली आहे.

'नको वाटते तर गाव सोडा' असे वाळीत पडलेल्यांना सहज सांगितले जाते. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेली एक साधी मांडणी आहे: संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणे किंवा आतून आवाज उठवणे; आणि निष्ठा या दोहोंच्या मध्ये उभी राहते. कोकणी माणसाला बाहेर पडण्याची वाट गिरण्यांच्या काळापासून मोकळी होती, ती मुंबईची. अनेक दलित आणि कुळांच्या घरांसाठी ती खरोखर सुटका ठरली. पण गावकी मागोमाग मुंबईला आली. परळ-लालबागच्या चाळींत गावाच्या नावाची ग्रामस्थ मंडळे उभी राहिली, त्यांनी नव्याने आलेल्या पोरांना निवारा दिला, नोकरी लावली, आणि त्याच मंडळांच्या वह्यांत कोणाची वर्गणी थकली, कोण बैठकीला आला नाही, हेही लिहिले गेले. आज दिवा-नालासोपाऱ्यात राहणाऱ्या कुटुंबाला गावी वाळीत टाकले की मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहातून नाव कमी होते आणि डोंबिवलीतल्या साखरपुड्याचे आमंत्रण येत नाही. म्हणजे बाहेर पडण्याची वाटही गावकीच्या अंगणातूनच जाते. राहतो तो आवाज, आणि आवाज उठवायची कायदेशीर जागा एकच, ग्रामसभा. ती तर तहकूब झालेली असते.

'ही आमची संस्कृती आहे, बाहेरच्यांना कळणार नाही' हे वाक्य आता मानववंशशास्त्राचा आधार घेऊनही ऐकवले जाते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या परंपरेने सांस्कृतिक सापेक्षतेचा आग्रह धरला तो एखादी प्रथा तिच्या संदर्भात समजून घ्यावी म्हणून. समजून घेतल्यावर तिच्यावर मत देऊ नये असा तो हुकूम नव्हता. आणि 'आमची' म्हणजे कोणाची, हे विचारायला त्या शास्त्रानेच शिकवले. म्हैसूरकडच्या रामपुरा गावाचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी प्रभुजातीची कल्पना मांडली: संख्या, जमीन आणि मान ज्या जातीकडे, तिचे म्हणणे हे गावाचे म्हणणे ठरते. कोकणात जमिनीची जागा काही प्रमाणात मुंबईच्या मनीऑर्डरीने आणि आता जागांच्या व्यवहाराने घेतली आहे, एवढाच फरक.

बिनविरोध निवडणुकीचे कौतुकही याच ठिकाणी तपासून पाहिले पाहिजे. गावाने एकमताने सरपंच निवडला की सत्कार होतात, निधी जाहीर होतो. एकमत झाले असेल तर उत्तमच. पण अर्ज मागे घेतला तो पटले म्हणून की पालखी दारात यावी म्हणून, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कागदावर उमटत नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचीही हीच अडचण झाली. हेतू चांगला होता, पण अनेक ठिकाणी समितीत तेच मानकरी बसले आणि गावकीच्या निवाड्याला सरकारी फलक मिळाला.

मग करायचे काय? गावकीने पालखी नाचवावी, नमन-खेळे करावेत, मयताला धावून जावे. त्यात सरकारचे काही काम नाही. तिच्याकडून सक्तीची वसुली, निवाडा आणि बहिष्कार एवढेच काढून घ्यायचे आहे. वर्गणी घेणाऱ्या प्रत्येक देवस्थान समितीची आणि मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी व हिशेबतपासणी झाली, तर हिशेब मागणे हा गुन्हा राहणार नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेले सभागृह, स्मशानशेड, पाणवठे यांची किल्ली पंचायतीकडेच असावी; आज ती पुष्कळदा कोणा मानकऱ्याच्या खुंटीला असते. ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी ते पुरते, आणि तहकूब सभेला तेवढेही लागत नाहीत. या सवलतीने सभा भरवणे सोपे झाले, पण ती रिकामी ठेवणेही सोपे झाले. वाडीनिहाय सभा, बायकांना जमेल अशी वेळ आणि मागच्या ठरावांचे काय झाले याचे जाहीर वाचन, एवढ्याने पहिल्या सभेला थोडी माणसे परत येतील.

कायद्याच्या अंमलबजावणीत सगळ्यांत दुबळी जागा आहे ती गावातच. पोलीस पाटील हा गावचा रहिवासी, त्याचीही चूल गावकीत मोजलेली. त्याच्या अहवालावर बहिष्कार झाला की नाही हे ठरवणे म्हणजे आरोपींच्या शेजाऱ्याला साक्षीदार करणे. हे काम तालुक्याबाहेरून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायला हवे, आणि त्याने गिरणीवाला, किराणा दुकानदार, खलाशी, वाजंत्री यांना दंड होतो का हे आधी विचारावे, कारण संघटित दंडाचा पुरावा तिथे सापडतो. या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि पीडिताच्या संमतीने व न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही करता येते. ती तडजोड प्रत्यक्षात होते ती मात्र पोलीस ठाण्याच्या आवारात किंवा देवळात, तक्रारदाराला पुन्हा गावकीपुढे बसवून. संमती न्यायाधीशाने तक्रारदाराला एकट्याला विचारून नोंदवावी, घरातल्या स्त्रियांचे म्हणणे वेगळे ऐकावे, आणि गावकीने घेतलेला दंड परत केल्याची पावती दाखल झाल्याशिवाय प्रकरण मिटले असे मानू नये.